शेजारच्या टेबलाकडे बघ

तुझं नेमणूक पत्र वाचलं. पगार बरा आहे, प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, तेही ठीक. मी आस्थापना विभागात उभं आयुष्य काढलेली बाई. तेव्हा इंडक्शनला तुला कुणी सांगणार नाही अशा चार गोष्टी कानात घालून ठेवते. आत्या म्हणून ऐकून घे, पटलं नाही तर सोडून दे.

'तू बाई आहेस म्हणून', 'तू अमक्या जातीची म्हणून' असं सांगून भेदभाव कधीच करत नाहीत. आमच्या विभागातून जी पत्रं टाइप होऊन जायची, त्यांतलं कारण नेहमी इस्त्री केलेलं असायचं. 'प्रशासकीय कारणास्तव', 'काम समाधानकारक नसल्याने'. कारण वाचायचं आणि लगेच शेजारच्या टेबलाकडे बघायचं. तेच काम, तोच उशीर, तीच चूक करणाऱ्याचं काय झालं? त्याला चहा पाजून सोडलं आणि तुला मेमो दिला, तर दाल में काला आहे. दोघांनाही मेमो मिळाला असेल तर साहेब खडूस आहे, एवढंच. खडूसपणाला कायद्यात शिक्षा नाही. हा फरक पहिल्या दिवसापासून लक्षात ठेव. प्रत्येक अपमानाला भेदभाव म्हणत सुटलेल्या माणसाचं खरी वेळ आली की कुणी ऐकत नाही.

आता पगाराचं. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी नावाची जहाज कंपनी होती. तिथे पुरुष स्टेनोंना जास्त पगार आणि बायकांना कमी. ऑड्री डिकॉस्टा नावाची बाई कोर्टात गेली. कंपनी म्हणाली, या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' आहेत, त्यांचा हुद्दाच वेगळा, त्या हुद्द्यावर पुरुष नाहीतच, मग तुलना कुणाशी करायची? शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानं ठरलाय, आणि कंपनीची परिस्थितीही बेताची आहे. 1987 साली सुप्रीम कोर्टानं तिन्ही सबबी बाजूला सारल्या. काम सारखं आहे का आणि फरक असलाच तर तो प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे का, एवढंच बघायचं. युनियनची सही होती म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही. (युनियनवाल्या आपल्या काकांना हे मी कैकदा ऐकवलंय.)

ही हुद्द्याच्या नावाची युक्ती जुनी असली तरी मेलेली नाही. एकाच पॅकिंग लाइनवर पुरुष 'ऑपरेटर' आणि बाया 'हेल्पर', हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या ऑफिसात तेच 'असोसिएट' आणि 'कोऑर्डिनेटर' होईल. पाटी वाचू नकोस. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कोण काय करतं ते बघ. समान वेतनाचा 1976 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत गेलाय आणि ती नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, पण कसोटी तीच आहे. कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी, तर पगार सारखा. नेमणूक करतानाही बाई म्हणून डावलायचं नाही, हेही त्यातच येतं.

लग्न आणि मूल हा खरा चिखल. 1965 सालच्या एका खटल्यात मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या कंपनीच्या औषध विभागात नियमच होता की बाईचं लग्न झालं की नोकरी आपोआप संपली. का, तर लग्न झालेल्या बाया जास्त गैरहजर राहतात म्हणे. कोर्टानं म्हटलं, याला पुरावा काय? नियम रद्द. 1981 मध्ये एअर इंडियाचा पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीला काढायचा नियम असाच गेला, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही हा नियम त्याच निकालात राहिला. त्याचा राग मला आजही येतो.

तुला मात्र असा छापील नियम कुठेच दिसणार नाही. पुढच्या एखाद्या मुलाखतीत हसत हसत विचारतील, 'लग्नाचं काय मग?' पुरुष उमेदवारालाही हाच प्रश्न विचारला का, ते चौकशी करून ठेव. उत्तरात कुठलीही खासगी गोष्ट सांगायला तू बांधील नाहीस. एलआयसीनं एकेकाळी भरतीच्या फॉर्मात बायकांना मासिक पाळी नियमित आहे का, किती वेळा दिवस राहिले, असले रकाने दिले होते. त्यावरून प्रोबेशनवरच्या एका बाईला काढलं, तेव्हा 1991 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला परत घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितले. 'प्रोबेशनवर आहे, काय बोलणार' असं मनात आलं की हे आठव.

पहिल्या दोन मुलांपर्यंत प्रसूतीची रजा 26 आठवडे, आणि बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं की ती मिळते. मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही ती लागू आहे, हे 2000 साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात ठरलं. त्या रजेत काढून टाकणं बेकायदा आहे. हे आता सगळ्या कंपन्यांना पाठ झालंय, म्हणून रजेत कुणी काढत नाही. परत आल्यावर काढतात. आधी चांगलं काम काढून घेतात, मग अप्रायझलमध्ये 'अपेक्षेपेक्षा कमी' लिहितात. इथे तारखा बघायच्या. तीन वर्षं शेरे चांगले, गरोदर असल्याचं कळवलं मार्चमध्ये आणि पहिली तक्रार आली एप्रिलमध्ये. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणावं, पण कोर्टासमोर त्याचा खुलासा करत बसावं लागेल कंपनीला.

दुसरी खूण म्हणजे कारण बदलत जाणं. आधी 'बजेट नाही', महिन्यानं 'परफॉर्मन्स', आणखी विचारलं तर 'रिस्ट्रक्चरिंग'. खरं कारण असतं ते तीनदा कपडे बदलत नाही.

नियम सगळ्यांना सारखा, पण मार एकालाच, असंही असतं. सैन्यातल्या बायकांच्या कायम नेमणुकीचं प्रकरण वाच, 2021 चं. पुरुषांची तब्येत नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी तपासली होती आणि बायकांना तीच कसोटी चाळिशी ओलांडल्यावर लावली. त्यांचे वार्षिक शेरेही, यांना पुढे जायचंच नाही असं धरून, वरवर लिहिलेले. सुप्रीम कोर्टानं याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. तुमच्याकडे बढतीची सगळी बोलणी रात्री साडेनऊच्या पार्टीत होत असतील तर त्याकडेही असंच बघ.

जातीचं मी खरं सांगते, गोड करून नाही. सरकारी नोकरीत घटनेची कलमं 15 आणि 16 तुझ्या पाठीशी आहेत. खासगी कंपनीत 'जातीवरून नोकरी नाकारली' असं म्हणून थेट जाता येईल असा सर्वसमावेशक कायदा देशात नाही. ही मोठी लाज आहे. 'पूर्ण नाव काय, गाव कुठलं' हे प्रश्न कशासाठी असतात ते सगळ्यांना कळतं, पण ते सिद्ध होत नाही. मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या समाजाबाहेरच्या कुणी चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा खासगी ऑफिसातही लागतो. चारचौघांत हा शब्द तिथे महत्त्वाचा. कोण कोण हजर होतं, त्यांची नावं त्याच संध्याकाळी लिहून ठेवायची. ही गोष्ट तुझ्यावर नाही आली तर बाजूच्यावर येईल. तेव्हा साक्षीदार तू असशील, आणि खाली मान घालून कॉम्प्युटरकडे बघायचं नाही.

अपंगांसाठी 2016 चा, एचआयव्ही असलेल्यांसाठी 2017 चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आहे, हे तिन्ही खासगी जागीही लागतात. मुंबई हायकोर्टानं तर 1997 मध्येच सांगितलं होतं की काम करायला तब्येत धड असेल तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून हंगामी कामगाराला डावलता येणार नाही.

पुराव्याचं शेवटी. एक वही घरी ठेव, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, तेही त्याच्याच शब्दांत. तोंडी काही सांगितलं की दुसऱ्या दिवशी साधी मेल टाक: 'काल आपण सांगितलंत त्याप्रमाणे मला या प्रोजेक्टमधून काढलंय, कारण कळलं तर बरं होईल.' उत्तर आलं तरी कागद, नाही आलं तरी कागद. पगाराच्या स्लिपा, अप्रायझल, कौतुकाच्या मेल, म्हणजे तुझ्या नावाचं जे असेल त्याची प्रत जपून ठेव. कंपनीच्या गोपनीय फायली मात्र घरी आणायच्या नाहीत, नाहीतर तक्रार तुझी आणि चौकशीही तुझीच. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. 'बघू पुढे' म्हणत ते महिने सहज निघून जातात.

आणि कधी तुला खोलीत बसवून, पाण्याचा ग्लास पुढे करून, 'राजीनामा दे, अनुभवाचं पत्र छान देतो' असं म्हणाले, तर त्या खोलीत सही करू नकोस. काढून टाकलेल्या माणसाला भांडता येतं. स्वतःहून गेलेल्याला आधी 'मी स्वतःहून गेले नव्हते' हेच सिद्ध करावं लागतं. 'घरी विचारून सांगते' म्हण आणि ऊठ. लाज वाटू देऊ नकोस, आमच्याकडे मोठे मोठे मॅनेजरसुद्धा हीच सबब सांगून उठायचे. मग मला फोन कर, पण ऑफिसच्या आवारातून नको.