ओहोटीची वही

मुंबई म्हटली की गर्दी डोळ्यांपुढे येते. आपल्या गावची कितीतरी माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत राबली. अशा शहरात रानटी जीव कुठले? आम्हालाही तसंच वाटे.

पण ओहोटीला गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूवर किंवा हाजी अलीच्या खडकांवर जाऊन पाहा. डबक्यात फुलासारखा एक प्राणी दिसतो. बोट लावताच अंग मिटून घेतो. त्याला समुद्रफूल म्हणतात. एकदा आम्ही चालणारा शंख पाहिला आणि वहीत 'शंख' असं लिहिलं. जाणत्याने हसून दाखवलं, शंख रिकामा होता, आत खेकडा राहायला आला होता!

ओहोटी कधी, हे कसं कळणार? कोकणात हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा पाणी जसं चढतं तसं दूरवर मागेही जातं, आणि एरवी झाकलेले खडक उघडे पडतात.

2017 साली मुंबईत काही हौशी मंडळींनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हे काम सुरू केलं. ते लोकांना ओहोटीला किनाऱ्यावर नेतात. जीव दिसला की फोटो काढायचा, तारीख आणि जागा लिहायची. ही नोंद मोबाइलवरून 'आयनॅचरलिस्ट' नावाच्या सामाईक वहीत जाते. नाव चुकलं तर दुसरा कोणी सुधारतो. जीव उचलून घरी न्यायचा नाही. दगड उलटा केला तर पुन्हा तसाच ठेवायचा.

ही रीत नवी नाही. 1883 साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. आपण पाहिलेलं एकमेकांना सांगावं, हा हेतू. पुढे गिरगावाजवळच्या खेतवाडीत वाढणाऱ्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो या सोसायटीत गेला. तो मुलगा म्हणजे पक्षीतज्ज्ञ सालिम अली.

या नोंदींचा उपयोग काय? हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते जिवंत असतात. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. सागरी किनारा रस्त्याचं काम आलं, तेव्हा 2020 साली तिथले प्रवाळ उचलून दुसरीकडच्या खडकांवर बसवले. आमच्या मते, उचलून लावलेलं झाड आणि जागेवरचं झाड यांत फरक असतोच. पण तिथे प्रवाळ आहेत हे कोणाला ठाऊकच नसतं, तर ते भरावाखाली गेले असते आणि कोणी विचारलंही नसतं.

आणखी एक गोष्ट. नेहमी दिसणारा जीव यंदा दिसला नाही, तर तेही लिहायचं. किती वेळ शोधलं, तेही लिहायचं. दहा मिनिटांत 'नाही' म्हणणं आणि दोन तास फिरून 'नाही' म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या गावाला समुद्र नसेल, तर बेडूक घ्या. पहिल्या पावसानंतर तो कोणत्या तारखेला, कोणत्या ओढ्याकाठी ओरडला, ते लिहा. पुढच्या वर्षीची तारीख त्याच पानावर, शेजारी लिहायला जागा सोडा.