मळी आंबवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पोरांनो, डिस्टिलरीत यीस्ट मंदावलं की नवा केमिस्ट आधी युरियाच्या पोत्याकडे धावतो. मीही धावलो होतो. त्या हंगामात वॉश उतरायच्या वेळेलाही गोडच राहत होता आणि युरिया वाढवूनही ढिम्म फरक पडेना. खोट मळीतल्या चुन्यात होती. तेव्हापासून जपलेल्या गोष्टी तुमच्या हवाली करतो.

जेवण वेगळं, अवजार वेगळं. साखर आणि नायट्रोजन हे यीस्टचं जेवण. सहघटक ही त्याच्या विकरांची अवजारं. 1906 साली हार्डन आणि यंग यांनी यीस्टचा रस गाळून त्याचे दोन भाग केले: एकात विकरं, दुसऱ्यात सहघटक. एकट्याने कुठलाच भाग साखर आंबवेना. दोन्ही एकत्र केले की काम सुरू. अवजाराविना साखर तशीच पडून राहते.

आधी चुना काढा, मग मॅग्नेशियम द्या. साखर फोडणाऱ्या कितीतरी विकरांना मॅग्नेशियम लागतं. उसाचा रस निवळताना घातलेल्या चुन्याचं कॅल्शियम मळीत उतरतं आणि मॅग्नेशियमच्या आड येतं. मळी पातळ करून, आम्ल घालून, तापवून निवळू द्या. बराच चुना गाळात बसतो.

जस्त तोलून घाला. अल्कोहोल घडवणाऱ्या शेवटच्या विकराच्या गाभ्यातच जस्त असतं. पण ते चिमटीचं काम आहे. अति झालं तर यीस्टलाच बाधतं. प्रीफर्मेंटरमध्येच द्या, पेशी ते लवकर शोषून घेतात.

ब्रिक्स एकदम चढवू नका. एनएडी हा सहघटक म्हणजे रहाटाचा पोहरा आहे. साखर फुटताना भरतो, अल्कोहोल बनताना रिकामा होऊन परततो. वॉश फार दाट झाला की यीस्ट जीव सांभाळायला ग्लिसरॉल बनवतं. पोहरा तिकडे रिकामा होतो आणि तेवढं अल्कोहोल बुडतं.

100 किलो ग्लुकोजमधून हिशेबाने फार तर 51.1 किलो अल्कोहोल निघतं. त्यातला किलो-किलो राखणं हीच आपली कारागिरी, कारण त्या साखरेमागे कुणाचा तरी वर्षभर राबून वाढवलेला ऊस आहे.

म्हणून नवी मळी आली की चार बाटल्या लावा: एक नुसती, एक मॅग्नेशियमची, एक जस्ताची, एक दोन्हींची. बाटलीने कौल दिल्याशिवाय फर्मेंटरमध्ये काहीही टाकू नका.