दंड, शिक्षा आणि प्रायश्चित्त : एक शब्दविचार

अपराध घडला की ‘शिक्षा झालीच पाहिजे’ हे वाक्य घरात, पाठशाळेत, आश्रमात आणि न्यायालयात सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. परंतु शिक्षा म्हणजे नेमके काय व ती कशासाठी, याचा विचार सहसा होत नाही. साधकाला तो टाळून चालत नाही. अहिंसा हा ज्याचा आचार, त्याला दुसऱ्याचा दोष दूर करू जाताना आपल्या हातून हिंसा तर घडत नाही ना, हे पदोपदी पाहावे लागते. या दृष्टीने मराठीत रूढ असलेल्या शब्दांचे परीक्षण उद्बोधक ठरते.

‘शिक्षा’ हा शब्द ज्या धातूपासून झाला त्याचा अर्थ शिकणे. शिक्षण, शिक्षक हे त्याच कुळातील शब्द होत. वेदांगांपैकी उच्चारशास्त्रालाही ‘शिक्षा’ हेच नाव आहे. ‘शासन’ शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘शास्’ धातूपासूनच शास्त्र आणि शिष्य हे शब्द सिद्ध होतात. म्हणजे ज्याला शासन करावयाचे तो मुळात शिष्य आहे. व्यवहारात मात्र बोध तेवढा शिक्षणाकडे गेला आणि शिक्षेच्या वाट्याला केवळ दुःख उरले. अरबीतून आलेल्या ‘अद्दल’ शब्दाचीही तीच गत झाली. त्याचा मूळ अर्थ न्याय; पण ‘चांगली अद्दल घडवीन’ असे म्हणणाऱ्याच्या मनात न्यायापेक्षा क्रोधच अधिक असतो.

‘दंड’ शब्दाचा प्रथम अर्थ काठी. निरुक्तात यास्काचार्यांनी त्याची एक व्युत्पत्ती धारण करणे या अर्थाच्या धातूपासून दिली असून, दमन करतो म्हणून दंड, असे औपमन्यवांचे मतही नोंदविले आहे. येथे प्रश्न उभा राहतो तो असा की, दमन कोणाचे? मनुस्मृतीत या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. आठव्या अध्यायात राजाने योजावयाचे वाग्दंड, धिग्दंड, धनदंड आणि वधदंड असे चार प्रकार सांगितले आहेत. तेथे वाग्दंड म्हणजे अपराध्याला शब्दांनी दिलेली समज. बाराव्या अध्यायात वाग्दंड, मनोदंड आणि कायदंड हे तीन ज्याच्या बुद्धीत स्थिर आहेत त्याला त्रिदंडी म्हटले आहे; तेथे वाग्दंड म्हणजे स्वतःच्या वाणीचा निग्रह. शब्द एकच, परंतु एका ठिकाणी तो दुसऱ्यावर उगारला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी स्वतःला आवरतो. राजधर्म आणि साधकाचा धर्म यांतील अंतर या एका शब्दात सामावले आहे.

राजधर्मात दंड अपरिहार्य आहे, यात शंका नाही. 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. नावातील दंड गेला, तरी कारावास, द्रव्यदंड इत्यादी शिक्षा कायमच राहिल्या. समाजसेवा हा शिक्षेचा प्रकार मात्र नव्याने आला. समाजाच्या रक्षणासाठी हे असावेच लागते. परंतु साधकाने आश्रमात वा गृहस्थाने घरात राजदंड हाती घेण्याचे कारण नाही.

ब्रह्मविद्येच्या विचारानेही हेच ठरते. जीवाला त्याच्या कर्माची फळे देवतांकडून भोगावी लागतात. पापाचे फळ नरकात भोगून झाले म्हणजे ते कर्म सरते. पण जीवाची अविद्या सरत नाही. तो पुन्हा कर्मभूमीला येतो आणि पुन्हा तेच आचरतो. भोगाने देणे फिटते, ज्ञान होत नाही. ज्ञान देऊन जीवाचा उद्धार करणे हे कृपाळू परमेश्वराचेच कार्य होय.

म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाची लीळा या संदर्भात मननीय आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागत दिला नाही. रानातील गवत खाणाऱ्या, झऱ्याचे पाणी पिणाऱ्या जीवाला का मारता, असे त्यांनी पारध्यांना विचारले. त्यांच्या मनात हिंसेचा त्याग उपजला. मग स्वामींनी सशालाही जाऊ दिले. येथील क्रम लक्षात घ्यावा. आधी पीडिताला अभय, नंतर पीडकाला बोध. पारध्यांवर दया म्हणून ससा त्यांच्या हवाली झाला नाही; सशावर दया म्हणून पारध्यांचा धिक्कारही झाला नाही. शिक्षा शब्दाचा मूळ अर्थ या लीळेत संपूर्णपणे प्रकट होतो.

आता ‘प्रायश्चित्त’ शब्द पाहू. मराठीत शिक्षा केली जाते, दिली जाते, भोगली जाते. प्रायश्चित्त मात्र घेतले जाते. आचार्यांनी ते सांगितले तरी दोषी व्यक्तीने स्वतः स्वीकारल्यावाचून ते घडत नाही. आणि स्वीकारासाठी अनुताप हवा. अनुतापावाचून केलेला उपवास ही केवळ उपासमार होय. म्हणून वडीलधाऱ्याने लहानाचा दोष दाखविताना त्याला चारचौघांत हिणवू नये. हिणवलेला मनुष्य आपला दोष विसरतो आणि अपमान तेवढा लक्षात ठेवतो. दोष एकांतात, स्पष्टपणे आणि एकदाच सांगावा. बोलण्यापूर्वी आपला क्रोध शमला आहे की नाही ते पाहावे. शमला नसेल तर प्रथम स्वतःलाच वाग्दंड करावा आणि मौन धरावे.

पंथामध्ये परस्परांना भेटताना ‘दंडवत’ म्हणण्याची रीत आहे. दंडवत म्हणजे काठीप्रमाणे. काठी उचलणारा हात सुटला की ती जमिनीवर आडवी होते. तिच्या अंगी ताठा उरत नाही. ज्या मुखाने दिवसातून अनेक वार दंडवत म्हणावयाचे, त्याच मुखाने दुसऱ्यावर शब्दाची काठी उगारावी, हे त्या शब्दाला शोभणारे नाही. दंड उगारण्यासाठी नसून दंडाप्रमाणे नम्र होण्यासाठी आहे, एवढे ज्याला उमगले त्याला शिक्षेचा अर्थ कळला. दंडवत प्रणाम.