गाठ का येते? : शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा एक पाठ

दरवर्षी १० मार्च रोजी आपल्या विद्यालयात क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन पाळला जातो. १८९७ साली पुणे परिसरात प्लेगची साथ पसरली असताना मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन माई आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचल्या. मुलगा वाचला, माईंना मात्र त्याच रोगाने ग्रासले आणि १० मार्च रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. इतिहासाचा शिक्षक या नात्याने हा प्रसंग मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहे. 'प्लेगची गाठ' हे शब्द माझ्या तोंडून किती वेळा गेले असतील, याची गणती नाही.

२०१९ च्या स्मृतिदिनी आठवीतील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, पण गाठ का येते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि त्या संध्याकाळी विज्ञान शिकविणाऱ्या सहकारी बाईंकडे गेलो. त्यांनी अतिशय शांतपणे समजावून सांगितले. परंतु विषय एका संध्याकाळी संपणारा नव्हता. पुढे मी वाचत राहिलो. त्या वाचनातून जे उमगले, ते माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावे, यासाठी हा लेख. त्यात माझ्या एका चुकीचीही नोंद आहे. ती शेवटी येईल.

बाहेरची तटबंदी

आपल्या सभोवती असंख्य सूक्ष्मजीव सतत वावरत असतात. तरीही आपण रोज आजारी पडत नाही, कारण त्यांतील बहुतेकांना शरीरात प्रवेशच मिळत नाही. अखंड त्वचा ही पहिली भिंत होय. जेथे त्वचेचे आवरण नाही, तेथे अन्य योजना आहे. नाकातील व श्वासनलिकेतील चिकट स्राव धुळीसह जंतूंना धरून ठेवतो आणि तेथील सूक्ष्म केस तो स्राव बाहेरच्या दिशेने ढकलतात. अश्रूंमध्ये व लाळेत लायसोझाइम नावाचे द्रव्य असते. ते अनेक जीवाणूंचे कवच फोडते. अन्नाबरोबर जे पोटात जाते, त्याला जठरातील तीव्र आम्लाशी सामना करावा लागतो. आतड्यांत वस्तीला असलेले उपकारक जीवाणूदेखील बाहेरून आलेल्यांना सहजासहजी जागा देत नाहीत.

काटा रुतला, खरचटले किंवा पिसू चावली, की या भिंतीला छिद्र पडते आणि आतील पहारा जागा होतो.

आतील पहारा

रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींची संख्या आपण सर्वांनी पाहिलेली असते. प्रौढ व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतील मऊ भागात, त्या तयार होतात. जखमेच्या ठिकाणी जंतू शिरले, की तेथील पेशी रासायनिक संदेश सोडतात. आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव व पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि ती जागा लाल, गरम व सुजलेली दिसू लागते. आपण ज्याला रोगाचे लक्षण समजतो, ते पुष्कळदा संरक्षणाचे काम चालू असल्याचे चिन्ह असते. तापाचेही तसेच आहे. संरक्षक पेशींनी पाठविलेल्या संदेशांमुळे मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्र शरीराची उष्णता वाढविते.

या पेशींपैकी काही भक्षक पेशी असतात. त्या जंतूला वेढून गिळतात व आतल्या आत नष्ट करतात. या कामी असंख्य पेशी मरतात. पू म्हणून जे दिसते, त्यात प्रामुख्याने याच मृत पेशी असतात. ही सर्व व्यवस्था आपल्याला जन्मतःच लाभलेली असल्यामुळे तिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात. ती काही तासांत कामाला लागते. परंतु गोवराचा विषाणू कोणता आणि घटसर्पाचा जीवाणू कोणता, असा बारकाईने भेद तिला करता येत नाही आणि झालेला संघर्ष ती फारसा लक्षातही ठेवत नाही.

गाठीतील शाळा

खेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. जखम तळपायाला आणि गाठ जांघेत, हे कसे?

शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचेही जाळे असते. त्यांच्या वाटेवर मान, काख, जांघ, पोट अशा ठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या शेकडो लहान लसिकाग्रंथी आहेत. जखमेजवळच्या काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन या ग्रंथींपर्यंत येतात आणि तेथे थांबलेल्या टी पेशी व बी पेशींना ते तुकडे दाखवितात. या पेशींचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येकीला एकाच विशिष्ट आकाराची ओळख पटते. आपल्या शरीरात अशा कोट्यवधी निरनिराळ्या ओळखी बाळगणाऱ्या पेशी असतात. इतकी विविधता जनुकांच्या तुकड्यांची फेरजुळणी होऊन निर्माण होते, हे सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या पेशीची ओळख त्या तुकड्याशी जुळते, ती झपाट्याने विभागू लागते. एकीच्या हजारो होतात. ग्रंथी फुगते; हेच अवधाण. बी पेशींच्या वंशातील पेशी प्रतिपिंडे बनवितात. ही प्रतिपिंडे रक्तातून फिरून त्या जंतूला चिकटतात, त्याची वाट अडवितात व भक्षक पेशींसाठी त्याच्यावर जणू खूण करतात. टी पेशींपैकी काही या कार्याचे संयोजन करतात, तर काही विषाणूंनी ग्रासलेल्या आपल्याच पेशी नष्ट करतात. स्वतःच्या निरोगी पेशींवर हल्ला करू पाहणाऱ्या टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत आधीच मोठ्या प्रमाणावर बाद झालेल्या असतात. ही दुसरी व्यवस्था म्हणजे उपार्जित प्रतिकारशक्ती. ती अचूक आहे, पण नवा जंतू प्रथमच समोर आला तर तिला पूर्ण तयारीसाठी एक ते दोन आठवडे लागतात.

हा एक-दोन आठवड्यांचा अवधी ध्यानात ठेवावा. माईंच्या मृत्यूचे कारण समजून घेण्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

प्लेग आणि काळाशी शर्यत

प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँग येथे शोधला. मुंबईत मांडवी भागातील रोगी सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले ते मात्र १८९८ मध्ये, म्हणजे माईंच्या निधनानंतर.

पिसू पायाला चावली, की जीवाणू लसिकावाहिनीतून जांघेतील ग्रंथीत पोहोचतात. येथे सामान्यतः त्यांचा नाश व्हावयास हवा. परंतु मानवी शरीराच्या उष्णतेत हा जीवाणू काही विशिष्ट प्रथिने तयार करतो व ती भक्षक पेशींमध्ये टोचतो. त्या पेशी लुळ्या पडतात. ज्या ग्रंथीत जीवाणूंची ओळख पटवून फौज उभी राहायची, त्याच ग्रंथीत जीवाणू वाढत जातात. प्लेगची गाठ ती हीच. अवधाणाची गाठ ही बहुधा यशस्वी संरक्षणाची खूण असते. प्लेगची गाठ म्हणजे शत्रूने ताब्यात घेतलेली चौकी. संसर्गानंतर २ ते ८ दिवसांत लक्षणे दिसतात आणि पुढील काही दिवसांत रोग रक्तात पसरू शकतो. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगने ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. शरीराला शिकण्यास जेवढा काळ हवा, तेवढा हा रोग देत नाही. आज प्रतिजैविकांनी प्लेग बरा होतो. त्या काळी ती औषधे अस्तित्वात नव्हती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक योगायोग अस्वस्थ करतो. माईंच्या निधनाच्या बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. उष्णतेने मारलेले प्लेगचे जीवाणू हेच त्या लसीचे द्रव्य होते. त्यांना ताप आला, वेदना झाल्या आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. ती पूर्ण संरक्षण देणारी नव्हती, तरी तिने धोका कमी केला. हाफकिन यांचे नाव आज परळच्या संस्थेला आहे.

मेलेला जीवाणू वाढू शकत नाही, भक्षक पेशींना लुळेही करू शकत नाही; पण त्याची ओळख मात्र शरीराला होते. जो वेळ रोग देत नाही, तो लस अगोदरच मिळवून देते.

शरीराची स्मृती

संघर्ष संपल्यावर बहुतेक लढाऊ पेशी मरतात, परंतु काही स्मृतिपेशी उरतात. त्या कित्येक वर्षे, काही रोगांच्या बाबतीत जन्मभर, टिकतात. तोच जंतू पुन्हा आला, तर प्रतिसाद दोन-तीन दिवसांत आणि पूर्वीपेक्षा जोमाने येतो. काही लसींची स्मृती कालांतराने मंदावते, म्हणून धनुर्वाताच्या लसीची मात्रा पुन्हा घ्यावी लागते. उजळणीवाचून धडा विसरतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

जन्मलेल्या बाळापाशी स्वतःची अशी स्मृती जवळजवळ नसते. मातेची प्रतिपिंडे त्याला गर्भात व पुढे पहिल्या पिवळसर दुधातून मिळतात, ती काही महिने पुरतात. त्यानंतर प्रत्येक शरीराला स्वतः शिकावे लागते. ही स्मृती कुळाच्या वारशाने येत नाही. राजवाड्यातील मूल आणि वस्तीतील मूल या बाबतीत एकाच इयत्तेत बसतात. फरक पडतो तो पोषणाचा, स्वच्छ पाण्याचा, मोकळ्या हवेचा आणि लस वेळेवर मिळण्याचा. तो फरक माणसांनी निर्माण केलेला आहे, म्हणून माणसांनीच तो दूर करावयाचा आहे.

माझी चूक

आता ती नोंद. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. त्या वेळी वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. सातवीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी फोनवर सांगितले, "सर, आमच्या पोराला सुई नको. गावात लोक काय काय बोलतात." मी "बरं" म्हणालो. यादीत त्याच्या नावापुढे 'पालकांची संमती नाही' असे लिहून मोकळा झालो. त्यांना काय समजावून सांगावे, हेच मला ठाऊक नव्हते, आणि ते जाणून घेण्याचे कष्टही मी घेतले नाहीत.

जानेवारीत सुट्टीवरून परतल्यावर त्या मुलाला गोवर झाला. गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा रोग आहे. लस न घेतलेल्या समूहात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो. वसतिगृहातील इतर मुलांनी लस घेतली होती, त्यांच्यापैकी कोणालाही गोवर झाला नाही. तो मुलगा गोवरातून उठला, परंतु पुढील काही महिन्यांत दोनदा आजारी पडला आणि दुसऱ्या वेळी न्यूमोनियाने त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. वार्षिक परीक्षा बुडाली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याचे वडील माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, तुम्ही तर शिकलेले. तेव्हा मला दोन शब्द का नाही सांगितलेत?"

त्याच वर्षाच्या अखेरीस एक संशोधन प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासण्यात आले होते. गोवरानंतर त्यांच्या प्रतिपिंडांच्या पूर्वीच्या संग्रहातील ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला आढळला. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि शरीर अन्य रोगांविषयी जे शिकले होते, तेही पुसून टाकतो. त्या मुलाचा न्यूमोनिया याच कारणाने झाला, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. परंतु त्याच्या वडिलांना सांगावयाचे ते दोन शब्द कोणते होते, हे मला तेव्हा कळले.

तो विद्यार्थी पुढे चांगल्या गुणांनी दहावी उत्तीर्ण झाला, हे आनंदाने नमूद करतो.

आपले कर्तव्य

गोवर समाजात पसरू नये यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांजवळ त्याची प्रतिकारशक्ती असावी लागते. नऊ महिन्यांच्या आतील बाळ, कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण यांना ही लस सामान्यतः देता येत नाही. त्यांचे रक्षण शेजाऱ्यांच्या स्मृतीवर अवलंबून असते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी व आसपासच्या दाट वस्त्यांत गोवर पसरून बालके दगावली, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे लसीकरण राहून गेलेले होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती, की मुलांचे लसीकरण कार्ड शाळेच्या दाखल्याइतकेच जपावे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते; राहिली असल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. पोटभर सकस आहार, हात धुण्याची सवय व पुरेशी झोप यांना 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' कोणतीही महाग बाटली पर्याय नाही. विषाणूजन्य सर्दी-तापावर प्रतिजैविके चालत नाहीत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. आणि कोणी शेजारी "सुई नको" म्हणाला, तर केवळ "बरं" म्हणून परत फिरू नये. त्याच्याजवळ बसावे आणि त्याची भीती ऐकून घेऊन जे आपणांस ठाऊक आहे ते सांगावे.

माईंनी त्या मुलाला पाठीवर घेतले, तेव्हा प्लेगचे रहस्य त्यांना ज्ञात नव्हते आणि लसही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. आपल्याला आज दोन्ही उपलब्ध आहे. यापुढे १० मार्च रोजी माईंना अभिवादन केल्यानंतर मी वर्गात प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डाची चौकशी करतो. आठवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे ऋण अशा रीतीने थोडेफार फिटते.