जुन्या संगणकाचे घरगुती भांडार

कचेरीने निकालात काढलेला संगणक नव्या कामांना अपुरा पडतो; परंतु घरातील छायाचित्रे व कागदपत्रे सांभाळणे आणि मागेल त्याला पुरविणे, या कामास फारशी गणनशक्ती लागत नाही. प्रथम त्यातील तबकडी पूर्णपणे पुसून तिच्यावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवावी. संग्रहासाठी समान क्षमतेच्या दोन नव्या तबकड्या जोडाव्यात. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिलेली 'सांबा' ही आज्ञावली विंडोजवर चालणाऱ्या संगणकांनाही हे भांडार खुले करते.

दोन्ही तबकड्यांवर एकच मजकूर लिहिला जात असल्याने एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. मात्र येथेच अनेकांची फसगत होते. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच वेळी नाहीशी होते. आग किंवा चोरी तर दोन्ही तबकड्या एकदमच नेते. म्हणून तिसरी प्रत सुट्या तबकडीवर काढून दुसऱ्या घरी ठेवावी.

विजेचाही हिशेब करावा: ३० वॅटचे यंत्र अहोरात्र चालल्यास वर्षाला सुमारे २६३ युनिट लागतात. शेवटी, त्या तिसऱ्या प्रतीतून अधूनमधून एखादी फाइल परत मिळवून पाहावी. कधीच न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे असते.