गाडी घेण्याआधी एकदा खाली वाकून बघ

अगं बाय, काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, पिकअप ठरली, दिवाळीआधी दारात येईल.’ ऐकून जीव सुखावला. पोलादपूरच्या वाडीवरून महाडच्या बाजारात माल न्यायला आता दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायला नको. पण बोलता बोलता तू सांगितलंस, ‘मालक म्हणतो मागे लॉक आहे, चिखलात कधी अडकत नाही.’ तेव्हापासून मला चैन नाही.

कारण हेच वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं. आम्ही जुनी पिकअप घेतली त्या पहिल्याच पावसात, लावणीच्या दिवसांत, खताच्या गोण्या उतरवून गाडी रिकामी परत निघाली. बांधाच्या कडेला डावं मागचं चाक चिखलात गेलं आणि जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. उजवं चाक चांगल्या मुरमावर होतं, पण ते तसूभर हललं नाही. आवणातली माणसं हातातली रोपं टाकून ढकलायला आली, तेव्हा गाडी निघाली. पुढे महाडला मेकॅनिकने गाडी उचलून दाखवलं, लॉक वगैरे काही नव्हतंच. विकणाऱ्याने सांगितलं, आम्ही ऐकलं, खाली वाकून कोणी बघितलं नाही. तुझ्याबाबतीत असं व्हायला नको, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी हा लॉक ज्यात असतो ती चीज काय आहे ते समजून घे. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, कुणाचं काही अडत नाही, कारण ओढतो बैल. पिकअपमध्ये मात्र इंजिन मागच्या चाकांनाच फिरवतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर टायर घासत जातील. आंबेनळी घाटातलं एखादं उलटं वळण डोळ्यापुढे आण. दोन चाकांमधलं अंतर साधारण 1.4 मीटर धरलं, तर तेवढ्या एका वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ 4.4 मीटर जास्त धावतं. हा फरक सांभाळतो तो डिफरेन्शियल. मागच्या एक्सलच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर लोखंडी भाग दिसतो ना, त्याच्या पोटात क्राऊन-पिनियन आणि हे गिअर असतात.

साध्या, म्हणजे ओपन डिफरेन्शियलची खोड एकच. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात सुटलं, की त्याला फिरायला जेवढा थोडा जोर लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. म्हणून आमचं मुरमावरचं चाक गप्प उभं राहिलं. लिमिटेड स्लिप प्रकारात आत बहुधा क्लचच्या चकत्या असतात, त्या फिरणाऱ्या चाकाला थोडं आवरून धरतात. लॉकिंग प्रकारात दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, कधी बटणाने, कधी आपोआप. टोयोटा हायलक्समध्ये बटण आहे. महिंद्राच्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये ईटन कंपनीचा आपोआप लागणारा लॉक मिळतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो, तोही गाडी हळू असतानाच. आपल्याकडे माल वाहणाऱ्या बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह पिकअपना मात्र साधा ओपनच असतो. आणि फोर बाय फोर म्हणजे लॉक, असंही समजू नकोस. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ओळखायचं कसं? पहिल्यांदा कागद बघ. आरसी बुकावरचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर जा आणि या नंबरच्या गाडीला मागे कोणता एक्सल बसतो ते विचार. मग डॅशबोर्डवर लॉकचं बटण शोध. खाली वाकून त्या भोपळ्याच्या पोटात एखादी वायर किंवा हवेची नळी शिरते का पाहा. चाकाजवळ जाणारी वायर एबीएसची असू शकते, तिला फसू नकोस. त्या भोपळ्याच्या कवचावर पत्र्याची पट्टी किंवा ठोकलेले आकडे असतील तर चिखल पुसून त्यांचा फोटो काढून ठेव.

मग हाताने तपासायचं, पण हे मेकॅनिकसमोर, सपाट फरशीवर. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव. हे विसरू नकोस, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि तीच चाकं तू उचलणार आहेस. मागचा एक्सल उचलून घोड्यांवर, म्हणजे जॅक-स्टँडवर ठेवायचा, नुसत्या जॅकवर नाही. चावी काढायची, पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा. मग एक चाक हाताने फिरव. दुसरं उलट्या दिशेला सहज फिरलं तर ओपन समज. फार जोर लावावा लागला किंवा फिरलंच नाही, तर आधी ब्रेक चिकटलाय का ते बघ. ब्रेक मोकळा असेल तर लिमिटेड स्लिप किंवा लॉक असण्याची शक्यता धर. आपोआप लागणारा लॉक मात्र हाताच्या संथ फिरवण्यात ओपनसारखाच वागतो, बटणवालाही बंद असताना तसाच. म्हणून कागद आणि हात, दोन्ही साक्षी घे. आणि एक चाक उचलून, इंजिन चालू करून गिअर टाकणं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. आत लॉक असला तर जमिनीवरचं चाक गाडीला घोड्यावरून उडवेल.

चाकं वर आहेत तोवर एक्सलचा गिअर रेशोही मोजून घे. ओपन असेल तर गिअर न्यूट्रल कर, एक चाक कुणाला तरी घट्ट धरायला सांग आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरव. तेवढ्यात गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब शाफ्ट जितके फेरे घेईल तो तुझा रेशो. क्राऊन-पिनियन घ्यायची वेळ आली तर हा आकडा जुळला पाहिजे.

अजून एक, आणि हे आपल्या महाडकरांसाठी जास्त मोलाचं. 2021च्या जुलैत सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते तू पाहिलंस. एक्सलवर हवा जायला एक छोटा ब्रीदर असतो. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तिथून, सीलमधूनही, पाणी आत ओढलं जातं. म्हणून जुनी गाडी घेताना डिफरेन्शियलचं ऑईल काढून बघच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ऑईल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असतो, तो चालतो. पण चकाकणारे तुकडे निघाले तर ती गाडी सोड. नवीन ऑईल पुस्तकात लिहिलंय तेच घाल. क्लचवाल्या लिमिटेड स्लिपला वेगळं ऑईल लागतं, साधं घातलं तर वळणावर कुरकुर सुरू होते.

आणि ओपन निघाला तर नाराज होऊ नकोस. घाटात रोज चालणाऱ्या गाडीला तो उत्तम असतो, कमी खर्चाचा आणि दुरुस्तीला सोपा. लॉक लावून डांबरावर वळलीस तर उलट शाफ्टवर ताण येतो. ओपनवाल्याने पावसात कच्च्या वाटेवर अगदी रिकामी गाडी नेऊ नये, मागे दोन गोण्या वजन ठेवावं आणि फळी-फावडं सोबत असावं, एवढंच.

बाय, पैसे तुझ्या घामाचे आहेत. टोकन द्यायच्या आधी गाडी घोड्यांवर चढव, स्वतः खाली वाक, स्वतःच्या हाताने चाक फिरवून बघ. मालक ते करू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नकोस.