विमानमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा काळ

मुंबई ते नागपूर हा लोहमार्ग ८३७ किलोमीटर लांबीचा आहे. घाट, वळणे आणि वाटेतील गावे यांना अनुसरून तो आखला गेला आहे. विमानाला असे बंधन नसल्याने त्याचा मार्ग पुष्कळ सरळ असतो. हे सरळ अंतर नकाशावरील अक्षांश-रेखांशांवरून माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही काढता येते.

मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे; नागपूरचा २१ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७९ अंश ३ मिनिटे पूर्व रेखांशावर. अक्षांशांतील फरक २ अंशांचा आहे. एका अंशास सुमारे १११ किलोमीटर धरल्यास दक्षिणोत्तर अंतर २२२ किलोमीटर भरते. रेखांशांतील फरक ६ अंश ११ मिनिटे, म्हणजे ६.१८ अंश आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे १११ ला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे २० अंशांच्या, कोसाइनने (०.९४) गुणावे लागते. त्यानुसार पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ६४५ किलोमीटर येते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ६८२ किलोमीटरचा होतो. हेच सरळ हवाई अंतर होय. परदेशातील दूरच्या शहरांसाठी मात्र ही रीत अपुरी पडते. तेथे पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ५१ मिनिटांत कापले जावे. प्रत्यक्षात वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे आणि आपल्या पाळीची वाट पाहणे यांत उरलेला वेळ जातो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. त्यामुळे नागपूरकडे जाणाऱ्या विमानास साहाय्य, तर मुंबईकडे येणाऱ्या विमानास अडथळा होतो.

हा फरक केवळ प्रवाशाच्या सोयीचा नाही. प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय बर्फात ठेवून नेताना साधारणपणे चार तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात कार्यरत व्हावे लागते. रेल्वेने या प्रवासास दहा तासांहून अधिक लागतात. म्हणून विमानाखेरीज मार्ग उरत नाही. उदाहरणादाखल, नागपुरात रुग्णालय ते विमानतळ २० मिनिटे, विमानात ९० मिनिटे आणि मुंबईत रस्त्यावर ४० मिनिटे धरल्यास अडीच तास होतात. शस्त्रक्रियेसाठी दीड तास उरतो. मुंबईतील वाहतुकीत आणखी एक तास गेला, तर अवघा अर्धा तास हाती राहतो. पोलिसांनी रस्ता मोकळा करून देण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येते. आकाशातील वेळ फारशी कमी करता येत नाही. जमिनीवरची करता येते.

प्रवासाचा काळ उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावा, हाच या गणिताचा धडा आहे. शिक्षकांनी नकाशापुस्तक घेऊन असा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. आपल्या गावापासून जवळच्या रुग्णालयापर्यंत व विमानतळापर्यंत लागणाऱ्या वेळेची नोंद ग्रामपंचायतींनी ठेवल्यास ती आणीबाणीच्या प्रसंगी निश्चितच उपयोगी पडेल.